दोन मिनिटं लक्ष ठेवाल?

समजा, तुमच्या घरात दिवसा बोलायला बंदी आहे. कुणी डोळे वटारून घातलेली बंदी नव्हे, तुम्हीच आपणहून पाळलेली. तुमची आई रात्रभर इस्पितळात जागते, सकाळी आठला घरी येते आणि संध्याकाळी पाचपर्यंत झोपते. घर दोन खोल्यांचं. चमचा खाली पडला तरी तिची झोप मोडणार. त्यात शाळेला नाताळची सुट्टी, आणि बाहेर अशी थंडी की पापण्यांवर बर्फ धरावा. तर मग सांगा, दिवस कुठं काढाल?

घाई करू नका, विचार करून सांगा. घरी थांबता येत नाही, बाहेर उभं राहता येत नाही. आणि तुमच्याबरोबर तुमचे वडीलही आहेत, त्यांना लॅपटॉपवर कामही करायचं आहे.

अमेरिकेतल्या डुलुथ गावातल्या हिल्मा कांगसला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ होतं. कॅफेत. पण कुठल्या कॅफेत, हा पुढचा प्रश्न होता, आणि तो रोज नव्यानं सोडवावा लागे. हिल्मा दहा वर्षांची. तिचे वडील, वेंडेल कांगस, कॉलेजातल्या व्याख्यानांच्या चित्रफितींना खाली अक्षरं द्यायचं काम करत, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता यावं म्हणून. त्यांना शांतता लागे, चांगलं वायफाय लागे आणि प्लग लागे, कारण त्यांच्या म्हाताऱ्या लॅपटॉपची बॅटरी तासभरात मान टाकायची.

हिल्मानं एक वही केली होती. गावातला प्रत्येक कॅफे तिच्यात होता, आणि प्रत्येकासमोर पाच रकाने. प्लग किती, वायफाय कसं, आवाज किती, शौचालय स्वच्छ की कसं, आणि शेवटचा रकाना ‘डोळे’. एक कप कॉफी घेऊन बसल्यावर काउंटरवरचा माणूस किती वेळानं ‘अजून गेला नाहीत का’ अशा नजरेनं बघायला लागतो, ती मिनिटं या रकान्यात. वडील तिला बॉस म्हणत. “काय बॉस, आज कुठं?” असं ते सकाळी पायात बूट चढवताना कुजबुजत, आणि बॉस वही उघडत असे.

कॅफेत बसून काम करणाऱ्या या मंडळींचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात. शौचालयाला जायचं झालं की लॅपटॉप उचलून न्यायचा नाही, नाहीतर जागा जाते. शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणायचं, दोन मिनिटं लक्ष ठेवाल? तो ठेवतो म्हणतो. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, तो चोरसुद्धा असू शकतो, पण त्यानं हो म्हटलं की आपण निर्धास्त जातो. आणि ज्यानं हो म्हटलं तो आपण परत येईपर्यंत जागचा हलत नाही.

वेंडेल तर मुळीच हलत नसत. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीची बॅग ते पावणेदोन तास सांभाळत बसले होते. ती बाहेर फोनवर कुणाशी तरी भांडत होती आणि बॅग साफ विसरली होती. घरी उशीर झाला तेव्हा हिल्माची आई म्हणाली होती, “तुला कुणी जहाज धरून ठेवायला सांगितलं ना, तर तू दोरी हातात घेऊन वसंत ऋतूपर्यंत धक्क्यावर उभा राहशील.” वेंडेल हसले, पण म्हणाले, “हो म्हटलं होतं मी.” एवढंच.

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. त्या दिवशी चार वाजायच्या आत एक व्याख्यान पूर्ण करून पाठवायचं होतं, आणि पाचला घरी पोचायचं होतं. पाचला आई उठे, तिघं एकत्र जेवत, आणि सहाला ती पुन्हा कामावर जाई. दिवसातला तेवढा एकच तास तिघांचा होता. तो आजवर कधी चुकला नव्हता, आणि चुकू न देणं हे बॉसचं काम होतं.

पण सकाळपासून एकही जागा धड मिळेना. वहीतल्या पहिल्या कॅफेच्या दाराला सुट्टीची पाटी. दुसऱ्यात लोकरीचं विणकाम करणाऱ्या बायकांचं मंडळ ठाण मांडून बसलेलं, आणि होता तो एकुलता एक प्लग नाताळच्या झाडाच्या दिव्यांनी अडवलेला. तिथं खिडकीपाशी उभ्या उभ्या थोडं काम झालं. तिसऱ्यात टेबलांवर नवी चिठ्ठी होती, इथं एकमेकांशी बोला, लॅपटॉप नको. वेंडेल म्हणाले, आपण एकमेकांशी बोलतच काम केलं तर? काउंटरवरच्या मुलानं मानेनंच नाही म्हटलं. अडीच वाजले होते. बॅटरी वीस टक्क्यांवर आली होती.

“बॉस, वही काय म्हणते?”

“वही संपली, डॅड.”

ते उतारावरून सरोवराच्या बाजूला चालत निघाले. दोन गोदामांच्या मधल्या बोळात हिल्माला एक खिडकी दिसली. काचा आतून वाफेनं धुरकटलेल्या, मागं पिवळा उजेड. वर नावाची पाटी नव्हती. दारावर फक्त एक पुठ्ठा होता: जागा आहे.

आत गेल्यावर हिल्माला वाटलं, इतके दिवस आपण हाच कॅफे शोधत होतो. खोली लांबलचक होती, मागं मागं अंधारात गेलेली. प्रत्येक टेबलाशी एक दिवा आणि एक प्लग. वायफायला परवलीचा शब्दसुद्धा नव्हता, लॅपटॉप उघडताच ते जोडलं गेलं. गाणं नाही, गोंगाट नाही. बारा-पंधरा माणसं आपापल्या टेबलाशी बसलेली, प्रत्येकापुढे उघडा लॅपटॉप. काउंटरमागं राखाडी स्वेटर घातलेली एक बाई कप पुसत होती. तिनं विचारलंही नाही की काय हवं. म्हणाली, “एक टेबल आहे. दोघांपुरतं.” आणि मागोमाग कॉफी व हॉट चॉकलेट आणून ठेवलं.

हिल्मानं वही उघडून नवं पान काढलं. प्लग, भरपूर. वायफाय, उत्तम. आवाज या रकान्यात तिनं शून्य लिहिलं, आणि तिथंच तिची पेन्सिल थांबली.

इतके लॅपटॉप उघडे होते, पण बोटांचा आवाज येत नव्हता. कुणीच काही टाइप करत नव्हतं. सगळे नुसते पडद्यांकडे बघत बसले होते.

‘डोळे’ हा रकाना तिनं कोरा ठेवला, कारण काउंटरवरची बाई त्यांच्याकडे बघतच नव्हती. बघत होती ती शेजारच्या टेबलावरची बाई. हिरवा स्वेटर, विस्कटलेले केस. हिल्मा आणि तिचे वडील आत आल्यापासून तिची नजर वेंडेलवरून हटली नव्हती. टेबलाची कड तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. वेंडेल कानाला हेडफोन लावून कामाला लागले. पाचएक मिनिटं गेली असतील, ती बाई पुढं वाकली.

“माफ करा,” आपल्या लॅपटॉपकडे बोट दाखवत ती म्हणाली. “दोन मिनिटं लक्ष ठेवाल?”

वेंडेलनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. “ठेवतो की. निवांत जा तुम्ही.”

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि खोलीतली सगळी डोकी वर झाली. एकदम, वाऱ्यानं गवत हलावं तशी. मग पुन्हा खाली गेली. ती बाई उठली. शौचालय मागच्या बाजूला होतं, बाण काढलेला होता. पण ती मागं गेली नाही. ती दाराकडे गेली, दार उघडलं आणि बाहेर पडली. तिचा कोट खुर्चीवरच होता.

हिल्माला वाटलं, फोन करायला गेली असेल. पण शून्याखाली वीस अंश असताना कोट न घालता कोण फोन करायला जातं?

चारला दहा कमी असताना वेंडेलनी काम पाठवलं आणि हात ताणून आळस दिला. “झालं बॉस. चल, ती बाई आली की निघू.”

ती बाई आली नाही. चार वाजले. धुरकट काचेबाहेरचा उजेड निळा झाला. हिल्माला शौचालयाला जायचं झालं, आणि ते खोलीच्या पार टोकाला असल्यामुळे तिला सगळ्या टेबलांमधून चालत जावं लागलं. कॅफे तपासायची सवय होती तिला. चालता चालता ती बघत गेली.

पहिल्या टेबलाशी एक आडदांड दाढीवाला माणूस होता, आणि त्याच्यापुढं जांभळ्या मांजरांची चित्रं चिकटवलेला लॅपटॉप. दुसऱ्या टेबलाशी चष्मा लावलेली एक पोरगी, आणि तिच्यापुढच्या पडद्यावर कुणा दुसऱ्याच बाईच्या लग्नाचा फोटो. प्रत्येक टेबलावर दोन लॅपटॉप होते. एक मिटून बाजूला सारलेला, एक उघडा. कॉफीच्या कपांवर साय धरली होती. आणि जसजशी ती मागं गेली, तसतसे लॅपटॉप जाड होत गेले, जुने होत गेले. तसले तिनं फक्त आजोबांच्या माळ्यावर पाहिले होते.

शेवटच्या टेबलाशी एक म्हातारा बसला होता. त्याच्यापुढचं यंत्र पेटीएवढं होतं.

“काय लिहिताय?” हिल्मानं विचारलं. ती धीट होती, पण आवाज हळूच निघाला.

“मी नाही लिहीत, बाळ. हे माझं नाहीच. एका गृहस्थाचं आहे. दोन मिनिटांत येतो म्हणाला.”

“कधी गेले ते?”

म्हाताऱ्यानं विचार केला. विचार करताना त्याची नजर पडद्यावरून ढळली नाही. “आत्ताच,” तो म्हणाला.

हिल्मा शौचालयाला न जाताच मागं फिरली. वडिलांना तिनं सगळं सांगितलं, मांजरांची चित्रं, लग्नाचा फोटो, म्हातारा. ते हसले आणि म्हणाले की नाताळात माणसं जरा विचित्रच होतात. तिनं विनवलं, हा लॅपटॉप काउंटरवर देऊन टाकू आणि निघू. तेही त्यांना पटलं. त्यांनी काउंटरवरच्या बाईला हाक मारून तसं विचारलं.

बाईनं कप पुसायचं थांबवलं नाही. “इथं कुणाची वस्तू ठेवून घेत नाही,” ती म्हणाली. “ज्यानं हो म्हटलं, त्यानं बघायचं.”

“बरोबर आहे,” वेंडेल म्हणाले, आणि परत टेकून बसले.

साडेचार झाले. बाहेर अंधार पडला. घर इथून वीस मिनिटांवर, तेही चढाचं. हिल्मा वडिलांच्या दंडाला हात लावून म्हणाली, “डॅड, आता निघायलाच हवं. तिला जाऊन किती वेळ झाला.”

“आत्ताच तर गेली,” वेंडेल म्हणाले.

हिल्मानं त्यांच्या डोळ्यांपुढं फोन धरला, घड्याळ दाखवलं. त्यांनी ते पाहिलं, पण दुसऱ्याच कुणाचं घड्याळ दाखवावं तसं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की वडिलांचा स्वतःचा लॅपटॉप मिटून बाजूला गेला आहे, आणि त्या बाईचा त्यांच्यापुढं आला आहे. तो त्यांनी कधी ओढून घेतला ते तिनं पाहिलं नव्हतं. त्यांच्या कॉफीवर साय धरली होती.

“आई उठेल,” ती म्हणाली.

“हो ना,” ते म्हणाले. “आलीच बघ ती. मग जाऊ.”

तिनं त्यांचा हात धरून ओढलं. वेंडेल काही फार मोठे नव्हते, घरी खेळताना ती त्यांना सोफ्यावरून सहज खेचून काढायची. आज ते तसूभर हलले नाहीत. त्यांना कुणी बांधलं नव्हतं. त्यांनी शब्द दिला होता, एवढंच.

तेवढ्यात दार उघडलं. थंड हवेचा झोत आला, आणि पाठीवर बॅग घेतलेली एक तरुण बाई आत आली. टोपीवर बर्फ, कानाला फोन. “सूप गॅसवरून काढू नकोस हं,” ती हसत कुणाला तरी सांगत होती. “एक पत्र पाठवते आणि आलेच. अरे, इथं मस्त जागा आहे, आपल्याला कशी माहीत नव्हती?”

शेजारचं हिरव्या स्वेटरवालीचं टेबल अजून रिकामंच होतं, खुर्चीवर तिचा कोट तेवढा होता. काउंटरवरच्या बाईनं त्या तरुण बाईला तिथंच बसवलं. मग फडकं घेऊन ती हिल्माच्या टेबलाशी आली, पुसायला काही नव्हतं तरी पुसू लागली, आणि हिल्माच्या कानाशी वाकली.

“तुझ्या वडलांना म्हणावं, तिला विचारा. ती हो म्हणेल. सगळेच म्हणतात. मग पाचला घरी पोचाल.”

हिल्मानं तिला पाचचं सांगितलं नव्हतं.

आणि वेंडेलनीही ऐकलं असावं. त्यांची पाठ ताठ झाली. कितीतरी वेळानं त्यांची नजर पडद्यावरून उठली आणि त्या तरुण बाईवर जाऊन थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर हिल्माला ओळखीचं काहीतरी दिसलं, आणि ती दचकली. हिरव्या स्वेटरवाली आपल्याकडे अशीच बघत होती. वेंडेलनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि पुढं वाकले.

“माफ करा,” ते म्हणाले.

तरुण बाईनं हसून वर पाहिलं. “बोला ना.”

“डॅड, नको,” हिल्मा म्हणाली.

“अगं, दोनच मिनिटं.”

“तीपण दोनच मिनिटं म्हणाली होती.”

आता जरा थांबा. तुम्ही हिल्माच्या जागी असता तर? एक शब्द, आणि वडील सुटतात, जेवायला तिघं टेबलाशी बसतात. आणि कुठंतरी कुणीतरी सूप ढवळत वाट बघत बसतं, किती वर्षं कुणास ठाऊक. ही अदलाबदल सोपी होती. या खोलीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकानं तीच केली होती, आणि त्यातलं कुणी वाईट माणूस होतं असंही नाही. त्यांना फक्त घरी जायचं होतं.

हिल्मालाही घरी जायचं होतं. तिला रडू येत होतं. पण रडता रडता ती एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवत होती, अवघड गणितातलं वाक्य आपण परत परत वाचतो तशी. डॅड नेमकं कशाला हो म्हणाले? लक्ष ठेवाल का, असं हिरव्या स्वेटरवालीनं विचारलं. लॅपटॉपवर. इथं बसून, असं ती म्हणाली होती का? या खुर्चीवर, असं म्हणाली होती का?

नव्हती म्हणाली.

हिल्मानं हात पुढं केला आणि त्या बाईचा लॅपटॉप मिटला. खट्. तेवढा आवाज खोलीभर ऐकू गेला. सगळी डोकी वर झाली, आणि या वेळी खाली गेली नाहीत. तिनं भिंतीतला प्लग उपटला, वायर गुंडाळली, बाईचा कोट खांद्यावर टाकला आणि लॅपटॉप छातीशी कवटाळून उभी राहिली.

“मुली, ते तुझं नाही,” काउंटरवरची बाई म्हणाली. कप तिच्या हातात स्थिर झाला होता.

“म्हणून तर परत द्यायला चाललेय.”

“हिल्मा, ठेव ते खाली,” वेंडेल म्हणाले. त्यांचा आवाज चढला, कितीतरी वेळानं. “मी हो म्हटलंय तिला.”

“मग ये लक्ष ठेवायला,” हिल्मा म्हणाली.

दाराजवळ ती अडखळली. दार आत येताना हलकं लागलं होतं, आता ते भिंतीसारखं जड होतं. तिनं पाठ लावून रेटलं. फट पडली, वारा आत घुसला, आणि ती त्या फटीतून बाहेर निसटली.

बोळात नवा बर्फ पडला होता. त्यात दारापासून दूर जाणारी पावलं उमटलेली होती, बाईमाणसाची, लांब लांब टाकलेली, पळताना पडतात तशी. आणखी घटकाभरानं ती बुजून गेली असती. हिल्मानं आपला पाय पहिल्या ठशात ठेवला, मग दुसऱ्यात उडी मारली.

मागं आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एका खुर्चीचा. मग दार करकरलं.

“हिल्मा, थांब. तो माझ्या भरवशावर ठेवलाय तिनं. थांब म्हणतो ना.”

आवाज वडिलांचाच होता, आणि जवळ येत होता. हिल्मा थांबली नाही. तिनं वळूनही पाहिलं नाही. आपण थांबलो तर तेही थांबतील, हे तिला कळलं होतं. तिनं लॅपटॉप आणखी घट्ट धरला आणि त्या पावलांमागोमाग जिवाच्या आकांतानं चढावर पळत सुटली.